गवंड्याची दोरी आणि सीईटीची भूमिती

"सर, पोरीला दहावीला गणिताच्या भाग दोनमध्ये, भूमितीत, चाळीसपैकी अडतीस होते. आता सीईटीच्या सराव पेपरात नेमके भूमितीचेच चुकायलेत. असं कसं?"

तासगावकडच्या एका द्राक्षबागायतदारानं मला क्लासच्या जिन्यात गाठून हे विचारलं. छाटणी, फवारणी सोडून ते सांगलीला आले होते. हातात पेपराची घडी घातलेली प्रिंट होती आणि तिच्यावर लाल फुल्या. विश्रामबाग परिसरात मी बरीच वर्षं गणित शिकवतो. जानेवारी ते एप्रिल या दिवसांत हा प्रश्न दर आठवड्याला कुणी ना कुणी विचारतंच. दहावीत भूमिती आवडायची, बारावीत ती परकी वाटते. पोरं म्हणतात विसरलो, पालक म्हणतात लक्ष नाही. मला दोन्ही पटत नाही. माझ्या मते ती भूमिती त्यांच्यासमोर वेगळ्या कपड्यांत येते आणि ती त्यांना ओळखू येत नाही, एवढंच.

भूमिती गेली कुठं?

आधी पेपर समजून घेऊ. इंजिनिअरिंगच्या प्रवेशासाठी राज्याची जी एमएचटी-सीईटी होते, तिच्यात गणिताचे ५० प्रश्न असतात, प्रत्येकी २ गुणांचे. वेळ ९० मिनिटं. म्हणजे एका प्रश्नाला १०८ सेकंद. साधारण २० टक्के भाग अकरावीचा, ८० टक्के बारावीचा. परीक्षा संगणकावर, चार पर्यायांतून एक निवडायचा, आणि उत्तर चुकलं तरी गुण कापले जात नाहीत.

दहावीच्या पेपरात भूमिती म्हणजे आकृती. त्रिकोण काढून दिलेला असतो, बिंदूंना नावं असतात, खाली 'पक्ष', 'साध्य', 'सिद्धता'. सीईटीच्या पडद्यावर यातलं बहुधा काहीच दिसत नाही. तिथं येतं ते समीकरण. 'ही रेषा आणि दोन्ही अक्ष यांनी तयार होणाऱ्या त्रिकोणाच्या अंतर्वर्तुळाची त्रिज्या काढा.' वाक्यात त्रिकोण आहे, पडद्यावर नाही.

ही उलथापालथ १६३७ सालची आहे. त्या वर्षी देकार्त या फ्रेंच गणितज्ञानं प्रत्येक बिंदूला आकड्यांचा पत्ता द्यायची पद्धत मांडली. सांगलीतल्या आयर्विन पुलापासून इतकी पावलं पूर्वेला आणि इतकी उत्तरेला, असं सांगितलं की माणूस बरोबर त्या दारात पोचतो, तसंच हे. या दोन आकड्यांना निर्देशक म्हणतात आणि जिथून मोजायला सुरुवात करायची त्याला आरंभबिंदू. पेपरात इंग्रजी अक्षरं असतात, इथं मी आडव्या आकड्याला 'क्ष' आणि उभ्याला 'य' म्हणतो.

मग रेषेचं समीकरण म्हणजे काय? पंगतीत बसायची अट. '३क्ष + ४य = १२' ही अट घेऊ. (४, ०) हा बिंदू आला. तीन चोक बारा, अधिक शून्य. बसा. (०, ३) आला. शून्य अधिक बारा. बसा. (१, १) आला, त्याचे होतात सात. तुमची पंगत दुसरी. अट पाळणारे सगळे बिंदू शेजारी शेजारी बसले की जी ओळ दिसते ती रेषा. समीकरण हे आकृतीचं आमंत्रणपत्र आहे. पोरं मात्र पत्रच वाचत बसतात आणि लग्नाला जायचं राहून जातं.

तीन, चार, पाच

मागच्या वर्षी क्लासच्या मागच्या प्लॉटवर पायाची आखणी चालली होती. खिडकीतून सगळं दिसत होतं. गवंडीमामांनी एक खुंटी ठोकली, दोरी ताणली, दोरीवर चार फुटांवर खडूची खूण केली. दुसरी दोरी अंदाजानं आडवी ताणली आणि तिच्यावर तीन फुटांवर खूण. मग टेप घेऊन एका खुणेपासून दुसऱ्या खुणेपर्यंत तिरकं मोजलं. पाच फूट भरायला बोटभर कमी पडत होतं. मदतनीस पोराला म्हणाले, "जरा बाहेर घे. अजून. थांब!" पाच बरोबर भरलं तशी चुन्याची फक्की मारली.

मी वर्ग थांबवला आणि खिडकीतूनच विचारलं, "मामा, गुण्या नाही का लावला?"

"गुण्या लहान असतो सर. वीतभर काटकोन पुढं तीस फुटांवर कुठं जाईल सांगता येत नाही. तीन-चार-पाच बसलं की कोपरा मारला. पाया मोठा असला तर सहा-आठ-दहा घ्यायचं."

गुण्या म्हणजे गवंड्याचा लोखंडी काटकोन. आणि ही दोरीची रीत फार जुनी. आपल्याकडच्या शुल्बसूत्रांच्या, म्हणजे यज्ञवेदी आखायच्या प्राचीन ग्रंथांच्या, नावातच दोरी आहे. 'शुल्ब' म्हणजे दोरी.

आता फळ्याकडे या. '३क्ष + ४य = १२' ही रेषा आडव्या अक्षाला ४ वर कापते आणि उभ्या अक्षाला ३ वर. दोन अक्ष म्हणजे मामांच्या दोन ताणलेल्या दोऱ्या, आणि ही रेषा म्हणजे तिरका टेप. तिसरी बाजू पाच. सीईटीतला हा प्रश्न खिडकीबाहेर फक्कीनं काढलेला होता.

या एका आकृतीतून चार वेगवेगळे प्रश्न निघतात, आणि पोरं त्यासाठी चार वेगवेगळी सूत्रं पाठ करतात.

क्षेत्रफळ किती? काटकोनाच्या दोन बाजू ३ आणि ४, त्यांच्या गुणाकाराचं निम्मं, म्हणजे ६.

आरंभबिंदूपासून रेषेचं अंतर किती? याला एक सूत्र आहे. त्यात वर्गमूळ आहे, केवलमूल्याच्या उभ्या दांड्या आहेत, आणि घाईत चिन्ह हमखास चुकतं. पण क्षेत्रफळ ६ आहे हे आपल्याला ठाऊक आहे. पाच लांबीची बाजू पाया धरली तर उंची म्हणजेच ते अंतर. पाचाला किती उंचीनं गुणून निम्मं केलं की ६ येतात? २.४. झालं. सूत्रानं काढलंत तरी बारा भागिले पाच, तेच.

परिवर्तुळाचा, म्हणजे तिन्ही कोपऱ्यांतून जाणाऱ्या वर्तुळाचा केंद्रबिंदू कुठं? काटकोन त्रिकोणात तो कर्णाच्या मध्यावर असतो. (४, ०) आणि (०, ३) यांचा मध्य (२, १.५). त्रिज्या अडीच.

आणि अंतर्वर्तुळाची, म्हणजे आतून तिन्ही बाजूंना टेकणाऱ्या वर्तुळाची त्रिज्या? इथं जरा थांबू, कारण त्या मुलीचा हाच प्रश्न चुकला होता. तिनं अंतर्केंद्राचं लांबलचक सूत्र लिहिलं होतं, तीन बाजू, सहा निर्देशक, आणि शेवटून दुसऱ्या ओळीत बेरीज घसरली. तिला विचारलं, "दहावीला स्पर्शिकाखंडाचं प्रमेय होतं, आठवतंय?" तिनं ते घडाघडा म्हणून दाखवलं: वर्तुळाच्या बाहेरील बिंदूपासून त्या वर्तुळाला काढलेले स्पर्शिकाखंड एकरूप असतात. "मग इथं लाव की."

काटकोनाच्या कोपऱ्यापासून दोन्हीकडचे स्पर्शिकाखंड त्रिज्येएवढेच असतात, कारण तिथं छोटा चौरस तयार होतो. त्रिज्या 'त' धरा. चारच्या बाजूवर उरले ४ वजा त, तीनच्या बाजूवर ३ वजा त. हे दोन्ही उरलेले तुकडे वळून कर्णावर येतात आणि त्यांची बेरीज कर्ण भरते, म्हणजे ५. सात वजा दोन त बरोबर पाच. त बरोबर १.

तिनं पेन खाली ठेवलं आणि स्वतःशीच म्हणाली, "हे तर मला येत होतं."

वर्तुळातही तोच त्रिकोण

आता 'क्षचा वर्ग + यचा वर्ग − ६क्ष − ८य = ०' हे बघा. हे वर्तुळ आहे. केंद्र काढायची रीत सोपी: क्ष आणि यला जोडलेल्या आकड्यांचं निम्मं करा आणि चिन्ह बदला. केंद्र (३, ४). शेवटी सुटा आकडा नाही, म्हणजे (०, ०) ही अट पाळतो, म्हणजे वर्तुळ आरंभबिंदूतून जातं. केंद्रापासून आरंभबिंदूपर्यंत पुन्हा तीन-चार-पाच, म्हणून त्रिज्या ५.

प्रश्न येतो: या वर्तुळावरचा आरंभबिंदूपासून सर्वात दूरचा बिंदू कोणता? बारावीत नुकतंच विकलन, म्हणजे डिफरन्सिएशन, शिकलेली हुशार पोरं इथं विकलन करायला बसतात. माशी मारायला बंदूक! आकृती काढा. आरंभबिंदू वर्तुळावरच आहे, तर सर्वात दूरचा बिंदू व्यासाच्या पलीकडच्या टोकाला. केंद्राचे आकडे दुप्पट करा, (६, ८). अंतर १०.

हे वर्तुळ आडव्या अक्षाला ६ वर आणि उभ्याला ८ वर पुन्हा कापतं. त्या दोन बिंदूंना जोडणारा व्यास १० चा. मामांचं सहा-आठ-दहा! आणि अर्धवर्तुळातला कोन काटकोन असतो हे दहावीचं प्रमेय आरंभबिंदूपाशी स्वतः उभं आहे. अशी जागा सापडली की मला अजूनही बरं वाटतं, इतकी वर्षं शिकवूनसुद्धा.

एका समीकरणात दोन रेषा, आणि पुलाखालची होडी

बारावीच्या दोन गोष्टी पोरांना विशेष घाबरवतात. पहिली, रेषांची जोडी. 'क्षचा वर्ग − यचा वर्ग = ०' यात दोन रेषा दडलेल्या असतात. अवयव पाडा: (क्ष − य) गुणिले (क्ष + य) शून्य. गुणाकार शून्य म्हणजे दोघांपैकी एक तरी शून्य, म्हणजे कात्रीसारख्या फाकलेल्या दोन तिरक्या रेषा. त्यांना 'क्ष = ३' या उभ्या रेषेनं कापलं तर कोपरे (०, ०), (३, ३), (३, −३). पाया सहा, उंची तीन, क्षेत्रफळ ९.

दुसरी, अवकाशातल्या अशा दोन रेषा ज्या समांतर नाहीत आणि एकमेकींना छेदतही नाहीत. त्यांना विषमतलीय रेषा म्हणतात आणि त्यांच्यातलं सर्वात कमी अंतर विचारतात. सांगलीच्या पोरांना हे शिकवायला फळा लागत नाही. आयर्विन पूल कृष्णेवरून आडवा जातो, खालून होडी प्रवाहाबरोबर जाते. पूल एक रेषा, होडीचा मार्ग दुसरी. दोन्ही कधी भेटत नाहीत. सर्वात कमी अंतर कोणतं? दोन्हींना लंब असलेलं, म्हणजे पुलापासून पाण्यापर्यंतची सरळ उभी उंची. पावसाळ्यात आख्खं शहर सकाळी उठल्या उठल्या 'आयर्विनला पाणी किती फुटांवर?' हेच विचारतं. ४० फूट इशारा, ४५ फूट धोका. पाणी चढेल तसं आपल्या दोन रेषांमधलं अंतर कमी होतं. सूत्रात सदिशांचा गुणाकार येतो, तो करावाच लागतो. पण हा गुणाकार ती 'दोन्हींना लंब' दिशा शोधण्यासाठी असतो हे कळलं, की सूत्र डोक्यातून निसटत नाही.

"पण आकृती काढण्यात वेळ जातो"

हा सगळ्यात नेहमीचा आक्षेप, आणि तो मांडणारी पोरं प्रामाणिक असतात. १०८ सेकंदांत चित्रं काढत बसायचं का?

मी वर्गात घड्याळ लावून बघितलंय. दोन अक्ष, एक रेषा, दोन आकडे: दहा-बारा सेकंद. सूत्र आठवण्यात, ते बरोबर आहे ना या शंकेत आणि शेवटी चिन्ह तपासण्यात त्याहून जास्त वेळ जातो. शिवाय रफ कागद मिळतो तो त्यासाठीच. आकृती देखणी नको, पट्टी नको. पानाच्या कोपऱ्यात काड्यापेटीएवढी जागा पुरते.

सरसकट सगळीकडे काढा असंही नाही. नुसता चढ विचारला असेल, म्हणजे रेषा आडवी एक पाऊल गेल्यावर किती वर चढते एवढंच, तर समीकरणाकडे बघून सांगता येतं. तिथं आकृती म्हणजे हौस.

"आणि डोळा फसवतो त्याचं काय?"

हा आक्षेप मात्र वजनाचा आहे. (०, ०), (५, १) आणि (४, ५) हे तीन बिंदू हातानं काढून बघा. मधल्या बिंदूपाशी काटकोन आहे अशी तुम्ही पैज लावाल. तो नाही. पहिल्या बाजूचा चढ एक पंचमांश, दुसरीचा वजा चार. काटकोन असता तर त्यांचा गुणाकार वजा एक आला असता, इथं वजा चार पंचमांश येतो. कोन सुमारे ८७ अंश आहे. तिसरा बिंदू (४, ६) घेतला असता तर काटकोन बरोबर बसला असता. पेपर काढणाऱ्यालाही हे ठाऊक असतं.

म्हणून आकृतीनं वाट दाखवावी आणि आकड्यानं शिक्का मारावा. मामांनी तरी काय केलं? दुसरी दोरी आधी डोळ्यानंच आडवी लावली, पण टेप भरल्याशिवाय फक्की मारली नाही.

"पर्यायांवरून उत्तर शोधणं ही लबाडी नाही का?"

आरंभबिंदूपासून आपल्या त्याच रेषेवर टाकलेला लंब तिला कुठं मिळतो? पर्याय समजा असे आहेत: (३६/२५, ४८/२५), (४८/२५, ३६/२५), (१२/५, १२/५), (१, ९/४). आकृतीत लंब चार तृतीयांश चढानं वर जातो, म्हणजे 'य' हा 'क्ष'पेक्षा मोठा हवा. दुसरा आणि तिसरा पर्याय तिथंच गळाला. चौथा रेषेवर आहे, तीन अधिक नऊ बारा, पण त्याचा चढ सव्वादोन. उरला पहिला, आणि तो दोन्ही अटी पाळतो.

यात लबाडी कसली? प्रत्येक पर्याय का गळाला हे तुम्हाला सांगता येतं. आंधळेपणानं चारही पर्याय समीकरणात कोंबत बसणं मात्र मला आवडत नाही, आणि त्याला कारण आहे. २०२५ मध्ये २७ एप्रिलच्या सकाळच्या सत्रात सीईटीच्या गणिताच्या पेपरात २१ प्रश्नांचे पर्यायच चुकले होते. त्या सत्राची फेरपरीक्षा ५ मेला घ्यावी लागली. अशा वेळी फक्त पर्यायांवर जगणारं पोर 'माझंच चुकतंय' म्हणत गोल गोल फिरतं. ज्यानं आकृतीवरून उत्तर काढलंय त्याला निदान कळतं की चूक पडद्यावर आहे, आणि ते पुढच्या प्रश्नाला जातं.

अंदाजाबद्दल एवढंच: सीईटीत चुकीला दंड नाही, तेव्हा एकही प्रश्न कोरा सोडू नका. देशपातळीवरच्या जेईई मेनमध्ये बरोबरला ४ आणि चुकीला वजा १. तिथं दोन पर्याय कापल्याशिवाय हात चालवू नका.

इंग्रजी शब्दांची अडचण

सीईटीच्या गणिताचा पेपर इंग्रजीतूनच असतो. जत, आटपाडीकडून मराठी माध्यमात शिकून आलेली पोरं प्रमेय जाणतात, पण 'कॉर्ड' म्हणजे आपली जीवा, 'टँजंट' म्हणजे स्पर्शिका, 'कॉलिनिअर' म्हणजे एकरेषीय, 'लोकस' म्हणजे बिंदुपथ हे धावत्या वेळेत जुळत नाही. पन्नासेक शब्द आहेत. वहीच्या मागच्या पानावर समोरासमोर लिहा आणि प्रत्येकाशेजारी चिमुकली आकृती काढा. आठवड्याचं काम आहे, दोन वर्षांचं नाही.

"तिला कॉम्प्युटरला जायचंय. याचा उपयोग काय?"

त्या बागायतदारांनी जाता जाता हेही विचारलं. उत्तर मी दिलं नाही, मुलीनं दिलं, तेही महिन्याभरानं.

त्यांच्या शेताच्या टोकाला एक त्रिकोणी तुकडा आहे. खालची हद्द सरळ, वरचा कोपरा पाटाच्या कडेला, आणि पाट खालच्या हद्दीला समांतर. हल्ली भूमी अभिलेखवाले मोजणीला रोव्हर आणतात. काठीवर बसवलेलं ते यंत्र उपग्रहांच्या मदतीनं प्रत्येक कोपऱ्याचे निर्देशक देतं, म्हणजे देकार्तचा तोच पत्ता. मोजणीत वरच्या कोपऱ्याचा दगड पाटाच्या कडेकडेनं बराच सरकलेला निघाला. तुकड्याचा आकारच वेगळा दिसायला लागला, आणि वडिलांची खात्री झाली की आपली जमीन गेली.

तिनं सोयीसाठी फुटांत आकडे धरून रफ पानावर आकृती काढली. खालचे कोपरे (०, ०) आणि (६६, ०). दगडाची जुनी जागा (२२, ६६), नवी (५०, ६६). पाया ६६, उंची ६६, निम्मं केलं की २१७८ चौरस फूट. एक गुंठा म्हणजे ३३ गुणिले ३३, १०८९. तेव्हा दोन गुंठे. दगड पाटाच्या कडेनं कुठंही सरकला तरी उंची तीच, पाया तोच, गुंठे दोनच. फक्त एका शेजाऱ्याच्या बाजूनं जेवढं गेलं तेवढं दुसऱ्याच्या बाजूनं आलं.

वडिलांनी तो कागद दोनदा उलटसुलट करून बघितला. मग खिशात घातला आणि म्हणाले, "कमी नाही झालं म्हणतीस. पण ज्याच्या बाजूनं आलं, तो आता मोजणी मागणार की."